हर्लिंग लीगचा जुना सीझन कसा वाचायचा, नागपुरात बसून (2020 घ्या, मजा येते)

हर्लिंग हा आयर्लंडचा काठी आणि बॉलचा खेळ. तिथल्या काउंटींच्या (आपल्या जिल्ह्यांसारख्या) टीमची जी नॅशनल हर्लिंग लीग आहे ना, तिचा जुना सीझन समजून घ्यायचा असेल तर डायरेक्ट फायनलचा व्हिडिओ लावू नका. काहीच कळणार नाही, दहा मिनिटांत बंद कराल. आधी तारखा आणि पॉइंट टेबल, मग मॅच. सुरुवातीला 2020 चाच सीझन घ्या असं मी म्हणतो, तो एवढा वाकडातिकडा झाला की तो एकदा समजला की बाकीचे सोपे वाटतात.

पण त्याच्याही आधी स्कोअर. एका बाजूला 15 जण, हातात लाकडी हर्ली म्हणजे खेळायची काठी, लहानसा कडक बॉल, आणि गोलपोस्ट इंग्रजी एच सारखा. आडव्या दांडीच्या खालून जाळीत गेला तर गोल म्हणजे 3 पॉइंट, दांडीच्या वरून दोन्ही खांबांच्या मधून गेला तर 1. स्कोअर लिहितात तो आधी गोल, मग पॉइंट. आपली नजर क्रिकेटला बसलेली, त्यामुळे 0-36 दिसलं की डोकं शून्य बाद 36 वाचून टाकतं, तसं नाही ते. 2022 ची फायनल बघा, वॉटरफर्ड 4-20, कॉर्क 1-23. दांडीवरून जास्त वेळा कॉर्कने मारले, पण चार गोलचे 12 धरले की वॉटरफर्डचे होतात 32 आणि कॉर्कचे 26. सहाने जिंकले. असे चारपाच स्कोअर कागदावर स्वतः काढा, मोबाईलचा कॅल्क्युलेटर नको, मग नजर बसते.

आता 2020. एक वहीचं पान घ्या, मधून रेघ मारा. डावीकडे ग्रुप ए: लिमरिक, गॉलवे, टिपरेरी, वॉटरफर्ड, कॉर्क, वेस्टमीथ. उजवीकडे ग्रुप बी: क्लेअर, वेक्सफर्ड, किलकेनी, डब्लिन, लीश, कार्लो. मॅच जिंकली तर टेबलात 2 गुण, बरोबरी तर 1. दोन टीम सारख्या गुणांवर आल्या तर आधी त्यांची आपसातली मॅच बघतात, नेट रनरेटसारखं काही शोधत बसू नका. दोनपेक्षा जास्त असल्या की मग स्कोअरचा फरक येतो. ए मध्ये लिमरिक वर राहिली, बी मध्ये क्लेअर, एवढ्या दोन नावांभोवती पेनाने वर्तुळ काढा, पुढे तेच लागणार आहे.

आता तारखा, आणि इथेच सगळी गंमत आहे. लीग जानेवारीत सुरू झाली, ग्रुपच्या मॅचेस झाल्या आणि 12 मार्चला तिकडे सगळे खेळ बंद. आपल्याकडे नागपुरात पहिला कोरोना पेशंट सापडला तो 11 मार्चला, म्हणजे एका दिवसाचा फरक, हे शेजारी लिहून ठेवा म्हणजे तारीख डोक्यात राहते. त्यानंतर पान कोरं. एप्रिल, मे, जून, काही नाही. नवीन माणूस इथे गडबडतो, त्याला वाटतं आपल्याकडचीच माहिती अर्धवट आहे बाप्पा. नाही, खेळच झाला नाही. क्वार्टर फायनल, सेमी फायनल गेल्या त्या गेल्याच.

मग थेट 25 ऑक्टोबर. आपला दसरा होता त्या दिवशी, दीक्षाभूमीवरचा दरवर्षीचा सोहळा सुद्धा त्या वर्षी रद्द झालेला. तिकडे थर्लसच्या सेम्पल स्टेडियमला, रिकाम्या स्टँडसमोर, लिमरिक आणि क्लेअर खेळत होते मन्स्टर चॅम्पियनशिपची क्वार्टर फायनल (मन्स्टर हा तिकडचा एक प्रांत, आणि चॅम्पियनशिप ही लीगपेक्षा वेगळी, मोठी स्पर्धा). हीच मॅच लीगची फायनल पण धरली! म्हणजे एकाच मॅचवर ट्रॉफीही ठरली आणि चॅम्पियनशिपमध्ये पुढे कोण तेही. म्हणून वहीत ही मॅच दोन्हीकडे लिहायची, नाहीतर चॅम्पियनशिपचा हिशोब करताना तुम्ही ती शोधत बसाल आणि सापडणार नाही.

स्कोअर लिमरिक 0-36, क्लेअर 1-23, म्हणजे 36 विरुद्ध 26. लिमरिकने एकही गोल न मारता दहाने धुतलं. आता व्हिडिओ लावा, आणि बॉलच्या मागे पळू नका, लिमरिकवाले लांबून लांबून कसे मारून राहिले ते बघा. क्लेअरच्या टोनी केलीने एकट्याने 0-17 मारले, 23 पैकी 17, आणि तरी टीम हरली, त्या बिचाऱ्याचं काय सांगायचं. स्कोअररच्या यादीत नावापुढे किती फ्रीवर (म्हणजे फाउल झाल्यावर मिळालेल्या फटक्यावर) आले ते दिलेलं असतं, ते वजा करून बघायची सवय लावा, चालत्या खेळात कोण भारी आणि फक्त फ्री कोण मारतो ते तिथेच कळतं.

एक माझं मत. फेब्रुवारीच्या स्कोअरवरून कोणाला महान ठरवू नका. लीगमध्ये कोच नवीन पोरं ट्राय करतात, मैदान ओलं, वारा सुटलेला, खरी लढाई त्यांची ऑल आयर्लंडची, म्हणजे चॅम्पियनशिपच्या शेवटी मिळणाऱ्या देशाच्या किताबाची. 2020 ला मात्र लिमरिकने तेही जिंकलं, 13 डिसेंबरला वॉटरफर्डला 0-30 विरुद्ध 0-19 ने, म्हणून तो सीझन शेवटपर्यंत वाचायला जमतो.

शोधताना वर्षासोबत अलायन्झ हर्लिंग लीग असं टाकलं तरी चालतं, स्पॉन्सरचं नाव आहे, स्पर्धा तीच. फार जुन्यात गेलात तर 1925-26 असं जोडवर्ष दिसेल, ती पहिली लीग, कॉर्कने जिंकलेली. आणि मॅचची वेळ तिकडची दिलेली असते, हिवाळ्यात साडेपाच तास मिळवा, मार्चच्या शेवटच्या रविवारपासून साडेचार.

हे जमलं की 2021 घ्या. तिथे गॉलवे आणि किलकेनी आपापल्या ग्रुपमध्ये वर, आणि ठरलं असं की चॅम्पियनशिपमध्ये दोघे भिडले तर तीच फायनल. गॉलवे आधीच डब्लिनकडून हरली, गाठ पडलीच नाही, ट्रॉफी दोघांत वाटून दिली. त्या सीझनला फायनलचा व्हिडिओ शोधू नका, नाहीच आहे तो.