सशाच्या लघवीचे त्रास: या चुका टाळा

सोलापुरात मुतखडा हा घरोघरी माहीत असलेला विकार आहे आणि त्यावर काय करायचे हेही प्रत्येकाला ठाऊक असते: भरपूर पाणी प्यायचे, हुलग्याचे कढण घ्यायचे, पालक-टोमॅटो बंद करायचे. दोन वर्षांपूर्वी ऐन मे महिन्यात आमची कापशी, म्हणजे आमची मादी ससा, पुन्हा पुन्हा लघवीच्या कोपऱ्यात जाऊन नुसतीच बसू लागली, तेव्हा आम्हीही याच माहितीवर विसंबलो आणि तीन दिवस तिला सिरिंजने हुलग्याचे कढण पाजत राहिलो. चौथ्या दिवशी काढलेल्या एक्स-रेमध्ये तिचे मूत्राशय पांढऱ्या गाळाने भरलेले दिसले. ती वाचली, परंतु ते तीन दिवस तिने वेदनेत काढले आणि त्याला आमचा गैरसमजच कारणीभूत होता. माणसाच्या मुतखड्यावरचे उपाय सशाला लागू पडत नाहीत, कारण सशाचे शरीर कॅल्शियम वेगळ्याच पद्धतीने हाताळते.

बहुतेक सस्तन प्राण्यांचे आतडे शरीराला गरज असेल तेवढेच कॅल्शियम शोषून घेते. ससा मात्र खाण्यात येईल त्या प्रमाणात ते शोषतो आणि जास्तीचे मूत्रपिंडांवाटे बाहेर टाकतो. इतर प्राण्यांत लघवीवाटे जाणारे कॅल्शियम साधारण २ टक्क्यांहूनही कमी असते, तर सशात हे प्रमाण ४५ ते ६० टक्क्यांपर्यंत असते. त्यामुळे निरोगी सशाची लघवीही गढूळ, दुधाळ असते आणि शहाबादी फरशीवर वाळली की चुन्यासारखा पांढरा डाग मागे राहतो.

पहिली चूक: रंगाला घाबरणे आणि दाटपणाकडे दुर्लक्ष करणे

गढूळ लघवी पाहून ‘पू झाला’ असे समजून घाईघाईने औषध सुरू करणारे अनेकजण आहेत. नारिंगी किंवा तांबूस लघवी दिसली की रक्त म्हणून घरात रडारड होते. प्रत्यक्षात पानांतील रंगद्रव्यांमुळे सशाची लघवी पिवळी, नारिंगी, अगदी विटकरीसुद्धा होते आणि एक-दोन दिवसांत पूर्ववत होते. शंका असेल तर ट्रेमधील भुसा काढून ट्रे धुऊन कोरडा करावा, ताजी लघवी सिरिंजने उचलावी आणि औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या लघवी तपासणीच्या पट्टीवर टाकावी. पट्टीवरच्या रक्त दाखवणाऱ्या चौकोनाचा रंग बदलला नाही, तर बहुधा तो रंग पानांचाच असतो. मात्र लघवीत गुठळ्या किंवा लाल रेषा दिसत असतील, विशेषतः शेवटच्या थेंबांत रक्त येत असेल आणि मादीची गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झालेली नसेल, तर ते रक्त मूत्राशयातून नव्हे, गर्भाशयातून येत असण्याची दाट शक्यता असते. तीन-चार वर्षांपुढील माद्यांमध्ये गर्भाशयाचा कर्करोग मोठ्या प्रमाणावर आढळतो. म्हणून अशा वेळी पट्टीच्या निकालावर समाधान मानू नये.

रंगापेक्षा दाटपणा महत्त्वाचा आहे. वाळलेला डाग बोटाने चोळल्यावर बारीक पिठासारखा लागला तर काळजीचे कारण नाही. पण लघवी टूथपेस्टसारखी घट्ट पडत असेल किंवा डाग वाळूसारखा खरखरीत लागत असेल, तर मूत्राशयात गाळ साचतो आहे असे समजावे. नेहमी गढूळ असणारी लघवी अचानक पाण्यासारखी स्वच्छ येऊ लागली तरी निर्धास्त होऊ नये, कारण गाळ तळाशी बसून राहतो आणि वरचे पाणी तेवढे बाहेर पडते. आमच्याकडे नेमके हेच झाले होते आणि आम्ही त्याला कढणाचा गुण समजलो.

दुसरी चूक: ‘सशाचा चारा’ म्हणून लसूणघास

चाऱ्याच्या दुकानात सशासाठी काही मागितले की लसूणघासाची पेंढी हातात पडते. पिल्ले वाढीच्या वयात असताना तो चालतो, पण पूर्ण वाढलेल्या सशासाठी तो रोजचा चारा नव्हे, कारण त्यात साध्या गवताच्या दुपटीहून अधिक कॅल्शियम असते. शेवग्याचा पालाही पौष्टिक म्हणून कौतुकाने घातला जातो आणि तो याबाबतीत लसूणघासाच्या बरोबरीने त्रासदायक ठरतो. त्याऐवजी हरळी, मारवेल यांसारखे गवत, ताजे किंवा सावलीत वाळवलेले, दिवसभर समोर असावे. वाळलेला कडबा चघळायला चालतो, परंतु तो गवताची जागा घेऊ शकत नाही. आणि कोवळी ज्वारी तर गुरांनाही विषारी ठरते, ती सशापुढे टाकूच नये. कॅल्शियम पूर्णपणे तोडण्याचा अट्टहासही चुकीचा आहे, कारण सशाचे दात आयुष्यभर वाढतात आणि त्यांना ते लागते.

तिसरी चूक: पाण्याची बाटली लावून निश्चिंत होणे

सोलापूरचा एप्रिल-मे सशासाठी फार कठीण असतो. पारा चाळिशीच्या पुढे जातो, आणि सशाला तर तिशीच्या आसपासच उष्णतेचा त्रास सुरू होतो. शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते, त्यामुळे साठवलेले पाणी बाटलीत दोन-दोन दिवस तसेच राहते आणि बाटलीच्या नळीतील गोळी क्षारांनी अडकली तरी कोणाच्या लक्षात येत नाही. बाटलीपेक्षा ससे पसरट, जड भांड्यातून अधिक पाणी पितात. मातीचे किंवा चिनी मातीचे भांडे ठेवावे, ते दिवसातून दोनदा धुऊन भरावे आणि सकाळी मोजून ओतलेले पाणी संध्याकाळी किती उरले ते पाहावे. प्रत्येक किलो वजनामागे दिवसाला ५० ते १०० मिलिलिटर हा ढोबळ अंदाज धरता येतो. पाला ओला करून दिला तर त्यातूनही पाणी पोटात जाते.

चौथी चूक: घरगुती उपचार आणि उरलेल्या गोळ्या

व्हिनेगर टाकले की ट्रेमधील पांढरा थर फसफसून निघतो. (फरशीवर ते टाकू नये, कारण शहाबादी दगडही चुनखडीचाच असतो.) हे पाहून अनेकांना वाटते की लिंबूपाणी पाजल्यास मूत्राशयातील खडाही असाच विरघळेल. तसे होत नाही. शाकाहारी असल्यामुळे सशाची लघवी अल्कधर्मीच राहते आणि पाजलेल्या आंबट पाण्याने ती बदलत नाही. हुलगा पिष्टमय कडधान्य असल्याने त्याच्या कढणाने उलट पोट बिघडते.

याहून मोठा धोका उरलेल्या प्रतिजैविकांचा आहे. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन ही औषधे तोंडावाटे दिल्यास सशाच्या आतड्यातील उपयुक्त जिवाणू मरतात, घातक जिवाणू वाढतात आणि ससा दगावू शकतो. कुत्र्या-मांजराला हीच औषधे सर्रास दिली जातात, त्यामुळे सशांचा फारसा अनुभव नसलेल्या डॉक्टरांनी चिठ्ठीत ती लिहिली, तर आपण नम्रपणे पण स्पष्टपणे विचारावे. पोट दाबून लघवी काढण्याचा प्रयत्न कोणीही घरी करू नये. मूत्राशय फुटू शकते.

ओल्या मागच्या बाजूबद्दल

मागील पाय सतत ओले असतील, केस गळून कातडी लाल झाली असेल, तर केवळ पिंजरा अस्वच्छ आहे असे म्हणून विषय संपवू नये. गाळ, सांधेदुखी, पाठीची इजा किंवा मूत्रपिंड व मेंदूला बाधणारा परजीवी, यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. ससा जाडजूड झाला असेल तर त्याला नीट कंबर उचलून लघवी करता येत नाही. पूर्ण आंघोळ घालू नये. तेवढाच भाग कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडा करावा. पावसाळ्यात अशा ओल्या केसांत माश्या अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या होतात. अळी दिसली तर डॉक्टरकडे त्याच दिवशी जावे.

कधी थांबू नये

ससा लघवीसाठी जोर करतो आहे पण थेंबही येत नाही, दात करकरा वाजवतो, पाठ कुबडी करून बसतो, किंवा दहा-बारा तास त्याने काही खाल्लेले नाही आणि लेंड्या बंद झाल्या आहेत, अशा वेळी सकाळची वाट पाहू नये. वेदनेने खाणे थांबले की आतड्याचे काम मंदावते आणि मूळ दुखण्याआधी तेच जीव घेते. आपल्याकडील बहुतेक पशुवैद्यांचा अनुभव गाई-म्हशींचा असतो, त्यामुळे सशांवर उपचार केले आहेत का आणि एक्स-रे व सोनोग्राफीची सोय आहे का, हे ससा बरा असतानाच फोनवर विचारून ठेवावे. शस्त्रक्रियेसाठी ‘रात्रीपासून उपाशी ठेवा’ असे कोणी सांगितले तर पुन्हा विचारावे. सशाला उलटी होतच नाही आणि त्याला रात्रभर उपाशी ठेवणे घातक असते. पुण्याला न्यावे लागले तर अडीचशे किलोमीटरचा तो प्रवास उन्हाळ्यात रात्री किंवा पहाटे करावा, पिंजऱ्यात गवत आणि ओला पाला ठेवावा आणि शेवटच्या लघवीचा फोटो व पट्टीचा फोटो सोबत न्यावा.