विमानाचा वेळ घरीच काढा: दोरा, भागाकार आणि वारा

‘इतकं अंतर आहे, मग किती तास लागतील?’ असं मला नेहमी विचारतात. मी भूगोल शिकवते, आणि मला वाटतं की नुसत्या अंतरावरून उत्तर देऊच नये. आधी विचारावं, विमान कुठल्या दिशेला चाललंय?

पण सुरुवात अंतरानेच करू. भिंतीवरचा सपाट नकाशा यासाठी घेऊ नका, त्यात ध्रुवांकडचा भाग ताणलेला असतो. पृथ्वीगोल घ्या आणि एका शहरापासून दुसऱ्यापर्यंत दोरा घट्ट ताणून धरा. दोरा जिथून जाईल तो सगळ्यांत जवळचा मार्ग. लंडन ते लॉस एंजेलिस दोरा ताणला, तर तो ग्रीनलंडवरून जातो! वर्गात हे दाखवलं की मुलं दोरा पुन्हा पुन्हा ताणून बघतात. आता दोरा पट्टीवर मोजा. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किमी. गोलाचा व्यास ३० सेंमी असेल तर त्याचा परीघ साधारण ९४ सेंमी, म्हणजे १ सेंमीला सुमारे ४२५ किमी. लंडन–न्यूयॉर्क १३ सेंमी भरतं, म्हणजे साडेपाच हजार किमीच्या आसपास.

मोठं जेट विमान उंचीवर पोचल्यावर ताशी ८५० ते ९०० किमी वेगाने जातं. चढताना-उतरताना वेग कमी असतो. म्हणून अंतराला ८५० ने भागा आणि अर्धा तास मिळवा. लंडन–न्यूयॉर्कला सात तास येतात. ५०० किमीच्या प्रवासाला मात्र तासभर लागतो, कारण तिथे चढण्या-उतरण्यातच बराच वेळ जातो.

आता दिशा. सुमारे ९ ते १२ किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचे जोरदार वारे वाहतात. उष्ण आणि थंड प्रदेशांच्या तापमानातल्या फरकामुळे ते तयार होतात, म्हणून हिवाळ्यात हा फरक वाढला की त्यांचा जोरही वाढतो. पूर्वेकडे जाणाऱ्या विमानाला ते पाठीमागून ढकलतात, पश्चिमेकडे जाणाऱ्याला अडवतात. फेब्रुवारी २०२० मध्ये न्यूयॉर्कहून निघालेलं एक प्रवासी विमान वादळी वाऱ्याच्या जोरावर पाच तासांच्या आत लंडनला पोचलं होतं. उलट दिशेने याच अंतराला आठ तासही लागू शकतात. पृथ्वी खालून फिरते म्हणून असं होतं, असं अनेकांना वाटतं, पण हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. फरक पडतो तो वाऱ्यामुळे. लांबच्या प्रवासात म्हणूनच जायचा आणि यायचा वेळ वेगवेगळा काढा.

कधी जवळचा मार्गच बंद असतो. २०२२ पासून अनेक युरोपीय कंपन्यांना रशियावरून उडता येत नाही, त्यामुळे हेलसिंकी–टोकियो प्रवास काही तासांनी लांबला आहे.

वेळापत्रक वाचताना लक्षात ठेवा, त्यातल्या वेळा त्या त्या शहराच्या घड्याळाप्रमाणे असतात. लंडनहून सकाळी ११ ला निघून न्यूयॉर्कला दुपारी २ ला पोचणारं विमान तीन तासांत जात नाही. न्यूयॉर्क एरवी पाच तास मागे असतं, ते मिळवले की आठ तास होतात. त्यात धावपट्टीपर्यंत जाण्याचा आणि उतरल्यावर गेटपाशी येण्याचा वेळही धरलेला असतो, म्हणून तुमच्या भागाकारापेक्षा हा आकडा मोठाच दिसेल.