उपनगरी राज्य मार्गाचा मार्ग आणि इतिहास कसा शोधावा : घोडबंदर रस्त्याच्या निमित्ताने

छोट्या राज्य मार्गाची माहिती जमवताना सुरुवात नावापासून करू नये. आधी रस्त्याची दोन टोके आणि शासकीय क्रमांक निश्चित करावा. याचे उत्तम उदाहरण म्हणजे ठाण्याचा घोडबंदर रस्ता. मुंबईतील आजचा स्वामी विवेकानंद मार्ग पूर्वी घोडबंदर रोड म्हणूनच ओळखला जात असे, कारण तो साष्टी बेटाच्या पश्चिम अंगाने उत्तरेला घोडबंदर गावाकडे निघे. त्यामुळे जुन्या कागदात ‘घोडबंदर रोड’ असा उल्लेख सापडला, की तो वांद्रे-बोरिवलीच्या बाजूचा आहे की ठाण्याच्या, हे शेजारच्या गावांच्या नावांवरून ताडून पाहिल्याखेरीज टिपणात घेऊ नये.

मार्गाचे वर्णन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, गावांच्या क्रमाने लिहावे. ठाण्याला माजिवडा-कापूरबावडी परिसरात सुरू होणारा हा सुमारे २० किलोमीटरचा रस्ता मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली असा गायमुखपर्यंत जातो. तेथून पुढे एका हाताला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आणि दुसऱ्या हाताला खाडी अशा चिंचोळ्या पट्ट्यातून काजूपाडा, चेणे ही ठिकाणे घेत तो घोडबंदरजवळ मुंबई-अहमदाबाद महामार्गाला मिळतो. टोकांवर इतका भर देण्याचे कारण असे, की या रस्त्याचे सगळे महत्त्व त्यांतच आहे : आग्र्याकडे जाणारा जुना राष्ट्रीय महामार्ग ३ आणि अहमदाबादकडे जाणारा जुना ८ यांना तो मुंबई शहरात न शिरता जोडतो, आणि म्हणूनच अवजड वाहनांची रीघ या छोट्या रस्त्यावर लागते. राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक २०१० मध्ये बदलले आणि जुना ८ येथे ४८ झाला, हे ध्यानात ठेवून प्रत्येक क्रमांकापुढे तो जुना की नवा हे लिहावे.

यानंतर नकाशे पाहावेत. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या अनुक्रमानुसार हा भाग ४७ ए/१५ आणि ४७ ए/१६ या दोन पत्रकांत, म्हणजे नकाशाच्या सुट्या तक्त्यांत, विभागला आहे. दोन्ही शेजारी लावल्याशिवाय रस्ता सलग दिसत नाही. एक इंचास एक मैल प्रमाणाचे जुने पत्रक मिळाल्यास ते १:५०,००० प्रमाणाच्या पत्रकाशी ताडून पाहावे.

लिखित साधनांत ठाणे जिल्ह्याचे गॅझेटिअर, म्हणजे शासनाने काढलेला जिल्ह्याचा माहितीग्रंथ, सर्वांत उपयोगी आहे. १८८२ च्या मूळ खंडांत रस्ते, घाट आणि उतार-होड्यांची माहिती व्यापाराच्या प्रकरणात दडलेली असते, आणि गावांची वर्णने स्थळांच्या वेगळ्या खंडात असतात. १९८२ च्या सुधारित आवृत्तीशी ती जुळवली, की शंभर वर्षांतला फरक हाती येतो. घोडबंदरच्या पोर्तुगीज किल्ल्याचा आणि १७३७ मध्ये तो मराठ्यांनी जिंकल्याचा प्रसंग ओघाने येईलच, पण किल्ल्याचा इतिहास म्हणजे रस्त्याचा इतिहास नव्हे. अशा लेखांची निम्मी जागा नेहमी किल्लाच खातो.

वर्गवारीचा शोध मात्र सावकाश घ्यावा. राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा आणि ग्रामीण अशी रस्त्यांची विभागणी १९४३ च्या नागपूर योजनेने, म्हणजे देशाच्या रस्तेविकासाच्या आराखड्याने, रूढ केली, आणि १९५५ च्या महामार्ग अधिनियमाने राजपत्रातील अधिसूचनेद्वारे एखादा रस्ता महामार्ग म्हणून घोषित करण्याचा अधिकार राज्य शासनाला दिला. म्हणून राजपत्र आणि रस्ते विकास योजनांच्या याद्या तपासाव्यात. त्यांत ‘रामा’ म्हणजे राज्य मार्ग, ‘प्ररामा’ म्हणजे प्रमुख राज्य मार्ग आणि ‘प्रजिमा’ म्हणजे प्रमुख जिल्हा मार्ग. याद्या हाती न लागल्यास सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कार्यकारी अभियंत्याच्या कार्यालयात माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपये शुल्क भरून अर्ज करावा. मात्र ‘रस्त्याचा इतिहास द्यावा’ असे मोघम न लिहिता अधिसूचनेची प्रत, साखळी क्रमांकांसह (रस्त्याच्या आरंभापासून मोजलेल्या अंतरांसह) लांबी आणि हस्तांतरणाचे आदेश अशी नेमकी मागणी करावी.

प्रत्यक्ष पाहणी शेवटी केलेली बरी, कारण काय शोधायचे ते तोवर ठाऊक झालेले असते. हिरव्या माथ्याचे किलोमीटर दगड राज्य मार्गाची खूण सांगतात. जुन्या मोऱ्या असतील तर त्यांच्या कठड्यांकडे पाहावे : डांबराचे थर वर्षानुवर्षे चढत गेल्याने कमरेइतका कठडा गुडघ्यापर्यंत आलेला दिसतो, आणि खाली उतरून पाहिल्यास घडीव दगडाच्या कमानीला काँक्रीटचा जोड देऊन रुंदी वाढवलेली कळते. गायमुखच्या पुढे रस्ता अरुंद का, याचे उत्तर १९८० च्या वनसंवर्धन कायद्यात शोधावे. वनजमीन रुंदीकरणात घ्यायची तर त्याखाली परवानगी लागते.

टिपण लिहिताना रस्ता वापरात आल्याचा काळ, तो राज्य मार्ग घोषित झाल्याची तारीख आणि रुंदीकरणाचे वर्ष या तीन नोंदी वेगळ्या ठेवाव्यात. ठाणे महापालिका १९८२ मध्ये आणि मीरा-भाईंदर महापालिका २००२ मध्ये अस्तित्वात आली. हा रस्ता दोन्हींच्या हद्दींतून जातो, तेव्हा देखभालीविषयीचे प्रत्येक विधान कोणत्या हद्दीतील कोणत्या किलोमीटरला लागू आहे, हे त्याच वाक्यात नमूद करावे.