इंग्लिश नामाला एस लावायचा की नाही, कसं ठरवायचं

"जे मोजता येतं ते काउंटेबल, जे मोजता येत नाही ते अनकाउंटेबल" हे शाळेत घोकलेलं आधी डोक्यातून काढा. पैसे मोजता येत नाहीत का? तरी मनी अनकाउंटेबल. खुर्च्या-टेबलं मोजता येतात, फर्निचर मात्र अनकाउंटेबल. लॉजिक लावत बसलात तर दरवेळी फसाल, सरळ बघायचं.

कुठे बघायचं? लर्नर्स डिक्शनरीत, म्हणजे इंग्लिश शिकणाऱ्यांसाठीच केलेल्या डिक्शनरीत. नुसता मराठी अर्थ देणारं ॲप इथे काही कामाचं नाही. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या ऑनलाइन फुकट आहेत, शब्दाशेजारीच काउंटेबल की अनकाउंटेबल ते दिलेलं असतं. अशी खूण करणारी, इंग्लिशचे शिक्षक ए. एस. हॉर्नबी यांची डिक्शनरी १९४२ मध्ये जपानात निघाली, म्हणजे हा गोंधळ एकट्या मराठी माणसाचा नाही.

अनकाउंटेबल निघाला तर एस नाही, आधी अ किंवा ॲन नाही, क्रियापद एकवचनी, मेनीच्या जागी मच. धाकधूक वाटली तर अ लॉट ऑफ वापरा, दोन्हीकडे चालतं. आणि "अ पीस ऑफ ॲडव्हाइस" प्रत्येक वाक्यात कोंबू नका हो, बोलताना "सम ॲडव्हाइस" पुरतं.

आपला मराठी कान अर्धं काम करतो. माहित्या असं कोणी म्हणत नाही, त्यामुळे इन्फर्मेशनला एस न लावणं जमून जातं. घात होतो तो सल्ले, बातम्या, पैसे, केस, कामं इथे, कारण मराठीत ही अनेकवचनं रोजची आहेत. मग "ॲडव्हायसेस" आणि "न्यूज आर" सुरू होतं. न्यूजच्या शेवटी एस दिसतो तरी न्यूज इज, यात चर्चा नाही.

आता खरी डोकेदुखी: एकच शब्द दोन्ही बाजूंना. इथे शब्दाची यादी पाठ करून काही होत नाही, वाक्यात तो कुठल्या अर्थाने आलाय ते पकडावं लागतं. डोक्यावरचे केस गळतायत तर "माय हेअर इज फॉलिंग आउट", पण आमटीत एक सापडला तर "अ हेअर". पेपर म्हणजे कागद असेल तर अनकाउंटेबल, परीक्षेचा किंवा सकाळचा असेल तर टू पेपर्स बिनधास्त. रूम म्हणजे खोली असेल तर मोजा, बसायला जागा या अर्थी असेल तर नाही. बायोडेटात नोकरीचा अनुभव कायम एक्सपिरियन्स, तिथे एस लावला की कामाचा अनुभव राहतो बाजूला आणि आयुष्यात आलेले प्रसंग असा अर्थ होतो, बहुतेक बायोडेटे इथेच घसरतात. वर्कचंही तसंच: ऑफिसात कितीही कामं पडलेली असू देत, "मेनी वर्क्स" नाही, "अ लॉट ऑफ वर्क". मग पीडब्ल्यूडीमध्ये पब्लिक वर्क्स कसं? तिथे वर्क्स म्हणजे रस्ते, पूल, इमारती, बांधकामं. ते बरोबरच आहे, पण ते बघून आपल्या ईमेलमध्ये वर्क्स घालू नका. डिक्शनरीतला पहिला अर्थ वाचून टॅब बंद करायची सवय सोडा, काउंटेबलची खूण प्रत्येक अर्थापुढे वेगळी असते.

राहिले उलट्या खोपडीचे शब्द. पोलीसला एस नाही, तरी "द पोलीस आर कमिंग", आणि एकच असेल तर अ पोलीस ऑफिसर. कात्री एक असली तरी "द सीझर्स आर ऑन द टेबल", दुकानात मागताना अ पेअर ऑफ सीझर्स.