स्त्रियांमधील एचआयव्ही प्रतिबंधाचा अभ्यास : प्रश्न कसे विचारावेत

पुण्यातील गुप्तरोग उपचार केंद्रांत १९९३ ते १९९६ या काळात आलेल्या, देहविक्रय न करणाऱ्या स्त्रियांची तपासणी झाली, तेव्हा त्यांपैकी १३.६ टक्के स्त्रियांना एचआयव्हीची लागण झालेली आढळली आणि पतीशी एकनिष्ठ राहिलेली विवाहित स्त्रीही सुरक्षित नाही, हे स्पष्ट झाले. म्हणून वस्तीत सर्वेक्षणाला जाणाऱ्या समाजकार्याच्या विद्यार्थ्याने ‘तुमचे किती जणांशी संबंध आले?’ या प्रश्नापासून सुरुवात करू नये. हा प्रश्न स्त्रीचा अपमान करतो आणि तिला असलेला खरा धोकाही त्यातून कळत नाही. नवरा कामासाठी किती दिवस बाहेर असतो, निरोध वापरण्याविषयी घरात बोलता येते का, बोलल्यास संशय किंवा मारहाण वाट्याला येते का, हे विचारावे.

प्रश्नावली नीतिमत्ता समितीकडून मंजूर करून घ्यावी. एचआयव्हीबाधित व्यक्तीवर तिच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय संशोधन करण्यास २०१७ चा एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध आणि नियंत्रण) कायदा मनाई करतो. तो सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे.

भाषेवर सर्वाधिक वेळ खर्च करावा. ‘योनिस्राव’ हा शब्द छापील कागदावरच राहतो. ‘अंगावरून पांढरे जाते का?’ असे विचारले की बाई बोलू लागते. ‘गेल्या तीन महिन्यांत किती वेळा?’ याचे उत्तर बहुधा अंदाजाने दिले जाते, त्यापेक्षा ‘गौरी-गणपतीनंतर’ असा टप्पा ठरवून द्यावा आणि शेवटच्या संबंधाच्या वेळी निरोध वापरला होता का, एवढेच विचारावे. सासू किंवा जाऊ दाराशी असेल, तर मुलाखत थांबवून दुसरी वेळ ठरवावी. त्यात दिवस गेला तरी माझ्या मते तो वाया जात नाही.

उत्तरांवर मात्र सरसकट विसंबू नये. दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वे येथील सुमारे पाच हजार स्त्रियांवर एचआयव्हीची लागण टाळण्यासाठीच्या औषधाची ‘व्हॉइस’ नावाची चाचणी झाली, तीत बहुतेक स्त्रियांनी औषध नियमित वापरत असल्याचे सांगितले होते, परंतु तपासलेल्या रक्तनमुन्यांपैकी एक तृतीयांशाहूनही कमी नमुन्यांत ते आढळले. त्या स्त्रियांना खोटे ठरवून हा विषय संपत नाही, कारण विचारणाऱ्याला न दुखावणारे उत्तर देण्याची सवय आपल्याकडील स्त्रियांनाही लहानपणापासून लावली जाते. यासाठी ‘गोळी चुकणे अनेकींच्या बाबतीत घडते, तुमच्या बाबतीत कधी घडले?’ अशी मोकळीक देणारी शब्दरचना करावी, आणि शक्य असेल तेथे हेडफोनवर प्रश्न ऐकून स्क्रीनवर स्वतः उत्तर नोंदवण्याची सोय ठेवावी.

मुलाखतीत अलीकडचा धोका कळला, तर प्रश्नावली बाजूला ठेवावी. लागण टाळणारे प्रतिबंधक औषध धोक्याच्या प्रसंगानंतर ७२ तासांच्या आत सुरू करावे लागते, त्यामुळे त्या स्त्रीला त्याच दिवशी शासकीय रुग्णालयात पोहोचवण्याची व्यवस्था आधीच करून ठेवलेली असावी. जिला घरी कागद नेणे शक्य नाही, तिच्याकडून १०९७ हा मदतवाहिनीचा क्रमांक निघण्यापूर्वी पाठ करून घ्यावा.