सांगलीहून व्हिएन्नाला: आर्किटेक्चरच्या परदेशी सत्रात या चुका टाळा

परदेशातलं सत्र बिघडतं ते बहुतेक वेळा विमानात बसण्याआधी, इथे सांगलीतच. तिथे गेल्यावरच्या अडचणींतून वाट निघते. पण इथे राहून गेलेली सही किंवा नावाचा घोळ तिथून निस्तरायला महिने जातात, आणि सत्र असतं जेमतेम चार महिन्यांचं. मी इथे आर्किटेक्चर शिकवते. युरोपात एक सत्र करायचंय म्हणून मुलं विचारायला येतात, त्यांना जे सांगते तेच इथे मांडते आहे. उदाहरण व्हिएन्नाचं घेतलंय, कारण पुराची सवय असलेल्या आपल्या मुलांसाठी त्या शहरात बघण्यासारखं फार आहे. मिलान किंवा डेल्फ्टला जाणार असाल तरी कागदपत्रांचा भाग बराचसा तसाच लागू पडेल.

विषय जुळवून न घेता निघणं

पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, वर्ष तर वाया जाणार नाही ना?" जाऊ शकतं. पदवी आपलं विद्यापीठ देणार आहे, तेव्हा तिथे केलेले विषय इथे धरले जातील की नाही हे इथेच ठरतं. युरोपात अभ्यासाचा भार ईसीटीएस क्रेडिटमध्ये मोजतात: वर्षाला 60, सत्राला 30, आणि एका क्रेडिटमागे साधारण 25 ते 30 तासांचं काम, घरी बसून केलेलंही धरून. आपल्या क्रेडिटचा हिशेब वेगळा, म्हणून आकड्याला आकडा लावून चालत नाही.

मुलं तिथल्या विषयांची यादी उघडतात आणि मोहात पडतात. मग स्ट्रक्चर, बिल्डिंग सर्व्हिसेस, एस्टिमेटिंग यांना जोड सापडत नाही आणि परत आल्यावर ते पेपर बॅकलॉगसारखे डोक्यावर बसतात. आधी एक तक्ता करा: आपला विषय, त्याला जुळणारा तिथला विषय, दोन्हीकडचे तास. जुळत नाही तो विषय इथे कधी आणि कसा पुरा करायचा, हे त्याच तक्त्यात लिहा. त्यावर विभागप्रमुखांची आणि परीक्षा विभागाची लेखी संमती घ्या. "बघू, करून देऊ" या तोंडी शब्दावर निघू नका. तुम्ही परत येईपर्यंत खुर्चीवरचा माणूस बदललेला असतो. लर्निंग अ‍ॅग्रीमेंट (तिथे कोणते विषय करणार याचा लेखी करार) या तक्त्यावरूनच भरायचं.

तिथे गेल्यावर एखादा विषय भरलेला निघाला किंवा रद्द झाला, तर पहिल्या काही आठवड्यांतच बदल कळवून पुन्हा संमती मागवा. सत्र संपताना मागितली तर कुणी देत नाही.

दोन गोष्टी खास व्हिएन्नाच्या. तिथल्या तांत्रिक विद्यापीठात बॅचलर पातळीचे बहुतेक विषय जर्मनमध्ये असतात, त्यामुळे प्रत्येक विषयाची भाषा आधीच तपासा. आणि ऑस्ट्रियात 1 हा सर्वोत्तम शेरा, 5 म्हणजे नापास. तो इथल्या ग्रेडमध्ये कसा बदलायचा, तेही जाण्याआधीच लेखी ठरवून घ्या.

इथलं आणि तिथलं कॅलेंडर

व्हिएन्नाचं हिवाळी सत्र ऑक्टोबरला सुरू होऊन जानेवारीअखेर संपतं. आपलं विषम सत्र पावसाळ्यात सुरू होतं आणि सम सत्र डिसेंबर-जानेवारीत. म्हणजे ऑक्टोबरला जाणाऱ्याचे इथले सुरुवातीचे दोन-तीन महिने मोकळे जातात आणि परतेपर्यंत पुढच्या सत्राची हजेरी बुडायला लागलेली असते. माझं स्पष्ट मत, शक्य असेल तर मार्च ते जून हे उन्हाळी सत्र घ्या. ते सम सत्राशी बरंचसं जुळतं आणि जुलैत वर्गात बसता येतं. ऑक्टोबरचंच सत्र मिळालं, तर उशिरा रुजू होण्याची आणि हजेरीच्या सवलतीची परवानगी निघण्याआधी हातात असू द्या.

"सेमिस्टर अब्रॉड" म्हणून दोन-तीन आठवड्यांची कार्यशाळा विकणारेही भेटतात. क्रेडिट किती आणि ट्रान्सक्रिप्ट (अधिकृत गुणपत्रक) कोणतं विद्यापीठ देणार, हे दोन प्रश्न विचारले की उलगडा होतो.

नाव, पैसे, व्हिसा

आपल्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर वडिलांचं नाव बहुधा मुलाच्या नावाला जोडून येतं. प्रवेशाच्या फॉर्ममध्ये एकदा गुणपत्रिका बघून आणि एकदा पासपोर्ट बघून नाव भरलं, की प्रवेशपत्रावर एक माणूस, विम्यावर दुसरा आणि बँकेत तिसरा तयार होतो. सगळीकडे पासपोर्टवर आहे तसंच, त्याच क्रमाने लिहा. गुणपत्रिकेत फरक असेल तर प्रतिज्ञापत्र करून ठेवा.

पैशांचं म्हणाल तर आपल्याकडे बरीच बचत पतसंस्थेत असते आणि उसाचं बिल एकरकमी येतं. व्हिसाच्या अर्जाआधी चार दिवस खात्यावर अचानक मोठी रक्कम दिसली की शंका येणारच. रक्कम काही महिने आधी नामांकित बँकेच्या खात्यात आणा. कारखान्याच्या बिलाच्या पावत्या जोडा, आणि सातबारा जोडणार असाल तर त्याचं भाषांतर करून घ्या.

साध्या शेंगेन व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं, त्यात सत्र बसत नाही. ऑस्ट्रियासाठी सहा महिन्यांपर्यंतच्या मुक्कामाला व्हिसा डी लागतो आणि त्याहून जास्त राहायचं असेल तर विद्यार्थ्यांचा निवास परवाना. दोन्हींची प्रक्रिया वेगळी आहे, त्यामुळे "आधी जाऊ, मग वाढवून घेऊ" असा बेत आखू नका.

पोचल्यावरचा पहिला आठवडा

राहत्या पत्त्याची नोंदणी तीन दिवसांत करावी लागते, आणि त्या फॉर्मवर घर देणाऱ्याची सही लागते. म्हणून खोली ठरवतानाच विचारा: नोंदणीसाठी सही द्याल का? आढेवेढे घेणाऱ्याला अनामत पाठवू नका, आणि खोली न बघता तर कुणालाच नको. विद्यार्थी वसतिगृहासाठी प्रवेशपत्र मिळाल्याच्या दिवशीच अर्ज करा. रविवारी दुकानं बंद असतात. सोमवारी मॉडेल दाखवायचं असेल तर बोर्ड आणि गोंद शनिवारीच आणून ठेवा.

स्टुडिओत सांगलीचा सूर्य घेऊन बसणं

हुशार मुलंही इथे अडखळतात. सांगली सुमारे 17 अंश उत्तरेला आहे, व्हिएन्ना 48 अंशांवर. 21 डिसेंबरच्या भर दुपारी आपल्याकडे सूर्य क्षितिजापासून जवळपास 50 अंश वर असतो, व्हिएन्नात फक्त 18. दहा मीटर उंच इमारतीची सावली इथे साडेआठ मीटर पडते, तिथे तीस. आपला हात सवयीने ऊन अडवायला जातो: खोल छज्जा, जाळी, दक्षिणेला लहान खिडकी. तिथे हिवाळ्यातलं ते तिरपं ऊन घरात घ्यायचं असतं. इमारतींमधलं अंतर, अंगणाची रुंदी, खिडकीची उंची, सगळं त्यावरून ठरतं. पहिला नकाशा काढण्याआधी त्या शहराचा सूर्यमार्ग हाताने काढा.

दुसरी गफलत भिंतीच्या छेदात होते. आपण वीट, दोन्हीकडून गिलावा, झालं. तिथे बाहेरून पंधरा-वीस सेंटिमीटर उष्णतारोधक थर येतो आणि तो कुठेही तुटू द्यायचा नसतो. आपल्यासारखा स्लॅब तसाच पुढे काढून बाल्कनी केली, की त्या काँक्रीटमधून घरातली ऊब बाहेर जाते आणि आतल्या कोपऱ्यात ओल धरून बुरशी येते. म्हणून बाल्कनीचा स्लॅब आतल्या स्लॅबपासून उष्णतारोधक जोड घालून वेगळा करतात. 1:20 च्या छेदात हे दिसलं नाही तर सुंदर रेंडरिंगकडे कुणी बघत नाही. अडलात तर जुन्या इमारतींच्या पेटीसारख्या दुहेरी खिडक्या मोजून काढा. दोन तावदानांमधल्या हवेचं काम त्यातून नीट कळतं.

क्रिटला, म्हणजे काम सगळ्यांसमोर मांडून त्यावर चर्चा होते तेव्हा, सर काय सांगतात याची वाट बघत उभं राहू नका. तिथे तुमचा युक्तिवाद ऐकायचा असतो. आणि पोर्टफोलिओत ताजमहाल, चंदीगड नको. हरिपूरची हळदीची पेवं दाखवा. वर अरुंद तोंड, खाली जमिनीच्या पोटात कोठार, आणि त्यात हळद टिकते. साताऱ्याकडची मुलं लिंब-शेरीच्या बारा मोटेच्या विहिरीचा छेद घेऊन जाऊ शकतात. स्वतः मोजून काढलेली अशी एक ड्रॉइंग पोर्टफोलिओ उभा करते.

ऑक्टोबरला जाणाऱ्यांनी साइटची मोजणी आणि फोटो पहिल्याच महिन्यात संपवावेत. डिसेंबरात चारच्या सुमाराला सूर्य मावळतो.

दर शनिवारी नवा देश

स्वस्त विमानं मिळतात म्हणून मुलं आठ-दहा राजधान्या पालथ्या घालतात आणि ज्या शहरात राहिली ते बघायचं राहून जातं. एक-दोन सहली करा, बाकीचे शनिवार व्हिएन्नाला द्या. कार्लसप्लाट्झ चौकात वास्तुकार ओटो वाग्नरची 1899 ची रेल्वे स्टेशनं विद्यापीठाच्या दारातच आहेत. वास्तुकार कार्ल एनचा कार्ल-मार्क्स-होफ (1927-30) ही कामगारांची वसाहत, तिची लांबीच एक किलोमीटरहून जास्त आहे. 1,300 हून जास्त घरं, तरी जागेचा मोठा भाग अंगणांना सोडलेला. कामगारांच्या घरांना एवढी मोकळी हवा कशी दिली, हे चालतच बघायला हवं.

आणि सांगलीच्या मुलांनी डॅन्यूब नदीवरचं पूरनियंत्रणाचं काम बघितल्याशिवाय परतू नये. 1954 च्या मोठ्या पुरानंतर व्हिएन्नाने नदीला समांतर दुसरं पात्र खोदायचं ठरवलं. 1972 ते 1988 मध्ये ते काम झालं आणि निघालेल्या मातीतून 21 किलोमीटर लांबीचं बेट उभं राहिलं. एरवी नवं पात्र दारं बंद ठेवून तळ्यासारखं शांत असतं, लोक पोहतात, बेटावर सायकली फिरवतात. पूर आला की वरची दारं उघडून पाणी तिकडे वळवतात. तरीही सप्टेंबर 2024 च्या पावसात शहरातली छोटी व्हीन नदी फुगली आणि मेट्रो विस्कळीत झाली, म्हणजे तिथलाही प्रश्न पुरता सुटलेला नाही. 2005, 2019, 2021 ला गावभागात पाणी बघितलेल्या मुलाने त्या बेटाचा नदीच्या तळापासून छेद काढावा, नुसडॉर्फचा वाग्नरचा बंधारा बघावा, आणि आपल्याकडे काय जमेल, काय नाही, हे प्रबंधासाठी लिहून ठेवावं. व्हिएन्नाला पाणी वळवायला शेजारी जागा होती. कृष्णेच्या काठी शेतं आणि घरं आहेत. हा फरक मांडल्याशिवाय तुलना पुरी होणार नाही.

निघताना

शेवटच्या आठवड्यात पत्त्याची नोंदणी रद्द करा आणि घरमालकाबरोबर खोलीचे फोटो घेऊन अनामतीचा हिशेब लिहून घ्या. काही विषयांचे शेरे तुम्ही परतल्यावर लागतात, म्हणून ट्रान्सक्रिप्ट कधी आणि कोण पाठवणार ते विचारून त्यांचा ईमेल पत्ता घ्या. प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम आणि तासांचा तपशील पीडीएफमध्ये उतरवून ठेवा. विद्यापीठाचं लॉगिन बंद झालं की तो मिळत नाही, आणि इथला परीक्षा विभाग पहिल्याच भेटीत तोच मागतो.