होस्टेलच्या खोलीत सामान लावण्याआधी

मी मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींमागे फारशी मोठी कारणं नसतात. दिवा, अलार्म, बादली, सॉकेट. मुली पहिले दोन महिने मनात ठेवतात आणि नेमक्या परीक्षेच्या आदल्या रात्री कडाडून भांडतात. म्हणून जे बोलायचं ते पहिल्याच आठवड्यात बोलून घे.

त्याआधी खोली तपास. बॅग गादीवर टेकवू नकोस. गादीची शिवण बोटांनी फाकवून टॉर्चने बघ. शाईचे थेंब सांडावेत तसे काळे ठिपके दिसले तर ढेकूण आहेत असं समज. ढेकूण रक्ताविना कित्येक महिने तग धरतो, त्यामुळे ‘खोली सुट्टीभर बंदच होती’ या उत्तरावर समाधान मानू नकोस, गादी बदलून माग. मोडकी कडी, भिंतीवरची ओल, कपाटाचं निखळलेलं दार यांचे फोटो काढ आणि ऑफिसात लेखी दे. नाहीतर वर्षअखेरीला त्याचे पैसे तुझ्या अनामत रकमेतून जातील.

आता रूममेट. ‘तू किती वाजता झोपतेस?’ असं विचारून काही कळत नाही, सगळ्याजणी ‘अकरा-बारा’ म्हणतात. मोठा दिवा कधी बंद करायचा, त्यानंतर टेबललॅम्प चालेल का, रात्रीचे फोन कुठे घ्यायचे, मैत्रीण राहायला येणार असेल तर आधी विचारायचं का, हे एकेक करून ठरवा. अलार्मचं तर आवर्जून ठरवा. पहाटे पाचपासून दर दहा मिनिटांनी अलार्म वाजतो, जिने लावला ती ढाराढूर झोपलेली असते आणि दुसरी छताकडे बघत पडलेली, हे प्रकरण माझ्यापर्यंत दर वर्षी येतं.

काही खटकलं तर त्याच दिवशी सांग, आणि तेवढंच सांग. ‘तुला दुसऱ्याची पर्वाच नाही’ म्हणालीस की भांडण लागलंच. ‘बारानंतर फोन बाहेर जाऊन घेशील का?’ एवढं पुरतं. आरशावर चिठ्ठी मात्र चिकटवू नकोस. वाचणारी ती नेहमी चढ्या आवाजात वाचते.

बाथरूम सगळ्या मजल्याचं असतं. पॅड कागदात गुंडाळून डब्यातच टाक. कमोडमध्ये टाकलं तर ते पाणी शोषून फुगतं, पाइपात अडकतं आणि मग सगळ्या मजल्याची पंचाईत होते. अंघोळीनंतर जाळीवरचे केस उचल. आपलेच असतात, किळस कसली?

इस्त्री आणि किटली एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावू नकोस. १५०० वॅटची एकटी किटलीच २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर ओढते. त्यात इस्त्रीची भर पडली की बारीक वायर तापते, वेष्टण वितळतं. लॅपटॉप, मोबाइल तिथे खुशाल लावा. खोलीत किटली चालवूच नये असा नियम असेल तर तो पाळ; आम्हाला मुलींना छळण्याची हौस नाही.

सुरक्षेचं थोडक्यात. पाच मिनिटांसाठी बाहेर गेलीस तरी कुलूप लाव. मुख्य दारातून आत येताना मागच्या अनोळखी माणसासाठी दार धरून ठेवू नकोस, उद्धटपणा वाटला तरी चालेल. आपल्या खोलीपासून आपत्कालीन जिन्यापर्यंत किती दारं लागतात ते एकदा चालत जाऊन मोज. धुरात पाटी दिसत नाही, हाताने दारं चाचपत जावं लागतं.

घरची आठवण संध्याकाळी जास्त येते. त्या वेळी खोलीत पडून न राहता मेसमध्ये जाऊन बस, भूक नसली तरी. आठवडे उलटूनही झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, तर समुपदेशकाची वेळ घे.

आणि तब्येत बिघडली किंवा कुणी त्रास देत असेल तर रात्री दोनलाही माझं दार वाजव. बल्ब गेला असेल तर सकाळी दहानंतर.